बॅगेत जागा चौदाच

प्रश्न : वय 46, गोल्फचा हँडिकॅप 6 (पारपेक्षा साधारण सहा फटके जास्त). आठवड्याला दोन राउंड होतात, जमेल तेव्हा रेंजवरही जातो. दोन वर्षांपूर्वी आयर्नचा (मधल्या अंतराच्या क्लबचा) नवा सेट घेतला, 4 ते पिचिंग वेज. वूड (लांब फटक्यांचे क्लब) आणि वेजेस (ग्रीनजवळच्या आखूड, उंच फटक्यांचे क्लब) मात्र दहा-अकरा वर्षं जुन्या आहेत. ड्रायव्हरबद्दल तक्रार नाही. 15 अंशांचा 3 वूड टीवरून छान जातो, पण फेअरवेवरून (कापलेल्या गवतावरून) तीनातला एक नीट लागतो. वेजेस 52 आणि 58 अशा दोन. शंभर ते सव्वाशे यार्डांत माझे सगळ्यात जास्त शॉट वाया जातात. मित्र म्हणतात 52-56-60 घे. दुकानात म्हणतात 50-54-58 घ्या आणि सोबत नव्या मॉडेलचा 3 वूड. खर्च एकदाच करायचा आहे. काय घेऊ?
— एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत, फक्त नव्या पिचिंग वेजचा लॉफ्ट (क्लबची बॉलला लागणारी बाजू, म्हणजे फेस, किती कललीय तो कोन) लिहायचा राहिला. नेमकी गाठ तिथेच आहे. जुन्या सेटमधली पिचिंग वेज 47-48 अंशांची असायची. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये ती 44 च्या आसपास असते, काहींत त्याहूनही कमी. क्लबवर अक्षर तेच, ‘पी’. पण तो क्लब पूर्वीच्या 9 आयर्नच्या जागी येऊन बसलाय. तुमच्याकडे बहुधा 44 नंतर एकदम 52 आहे. आठ अंशांची फट! ज्या दिवशी नवे आयर्न घरी आले, त्याच दिवशी ती पडली. शंभर ते सव्वाशे यार्डांत शॉट वाया जातात हा तुमच्या हाताचा दोष नाही. त्या अंतराचा क्लबच तुमच्याकडे नाही. 110 यार्डांवर उभे राहून तुम्ही एक तर पिचिंग वेज दाबून मारता, नाही तर 52 जोर लावून. दोन्ही वेळा बॉल पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) मागे-पुढेच राहणार.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक सकाळ द्या. कोर्स रिकामा असेल तेव्हा, किंवा रेंजवर, पण बॉल तुमचे रोजचे घेऊन जा. रेंजचे बॉल आखूड जातात आणि वेजवर त्यांना फिरकी कमी मिळते, त्यामुळे त्यांच्यावर काढलेला आकडा फसवा निघतो. प्रत्येक क्लबने दहा बॉल मारा आणि बॉल *पडतो* कुठे ते लिहा. घरंगळत जाऊन थांबतो तिथलं अंतर नको. दहातले सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत आखूड दोन सोडून द्या. उरलेल्या सहांची सरासरी हा तुमचा आकडा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, इथली हवा थोडी विरळ. चेंबूरला खेळायला गेलात तर शंभर-दीडशे यार्डांच्या शॉटमध्ये दोन-तीन यार्ड कमी पडतील, तेही वहीत टिपून ठेवा.

आता वेजेस. मी नेहमी वेजपासून सुरुवात करतो आणि वूड शेवटी बघतो. दुकानात याच्या नेमकं उलट चालतं.

44 च्या पुढची पहिली वेज 49 किंवा 50 ची घ्या, आणि ती शक्यतो तुमच्या आयर्नच्याच सेटमधली. बऱ्याच कंपन्या पिचिंग वेजनंतरची एक वेज त्याच मॉडेलमध्ये वेगळी विकतात. या क्लबने तुम्ही मुख्यतः पूर्ण स्विंग मारणार, फेस उघडून काही कारागिरी करणार नाही. मग शाफ्ट (क्लबची दांडी), डोक्याचा आकार, हातातलं वजन पिचिंग वेजसारखंच असलेलं बरं. त्यापुढे 54 आणि 58. म्हणजे दुकानातलं उत्तर आकड्यांपुरतं बरोबर आहे. मात्र त्यांनी तुम्हाला बाउन्स विचारला का? (तो म्हणजे काय, ते पुढे सांगतो.) माझ्या मते खरी निवड तिथे असते.

माझे वडील येरवड्याच्या कोर्सवर कॅडी होते. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायचो. नव्या साहेबांची बॅग खांद्यावर आली की अण्णा आधी सँड वेज (वाळूतून बॉल काढायची वेज) काढून उलटी करायचे आणि तिच्या सोलवरून, म्हणजे तळावरून, अंगठा फिरवायचे. “साहेब काय सांगतात ते नंतर ऐकू,” म्हणायचे, “आधी काठीचा तळवा बघ.” आज माझ्या टेबलावर दुरुस्तीला क्लब आला की मीही तेच करतो. तुम्ही तुमची जुनी 58 खिडकीजवळ न्या आणि उजेडात तिरकी धरा. क्रोम घासून खालचा मळकट धातू कुठे उघडा पडलाय? पुढच्या धारेला लागून असेल, तर तुम्ही बॉलवर उभे येता, हात पुढे ठेवून. तुमचा क्लब जमिनीत घुसतो. घासलेला पट्टा सोलच्या मध्यावर किंवा मागे असेल, तर तुम्ही सपाट येऊन बॉल उचलता. आणि तो टाचेकडे किंवा टोकाकडे सरकलेला असेल, तर आधी लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) तपासून घ्या. नवी वेज त्यानंतर.

बाउन्स म्हणजे सोलची मागची कड पुढच्या धारेपेक्षा किती खाली उतरलीय, तो कोन. होडीचा तळ पाण्यावर जसा सरकतो, तसा जास्त बाउन्सचा सोल वाळूवर आणि चिखलावर सरकतो, रुतत नाही. ही युक्ती वेजला कायमची चिकटवली ती अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेननं. निब्लिकच्या (जुन्या काळच्या जास्त लॉफ्टच्या क्लबच्या) सोलच्या मागच्या बाजूला त्यानं डाग देऊन धातू चढवला आणि तोच क्लब घेऊन 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. आज कोणतीही सँड वेज उलटी केली की मागे जो फुगवटा दिसतो, तो तिथून आला.

क्लबवर लॉफ्टशेजारी दुसरा आकडा असतो तो बाउन्सचा. 4 ते 6 म्हणजे कमी, 7 ते 10 मध्यम, त्यावर जास्त. जमिनीत घुसणाऱ्या हाताला जास्त बाउन्स आणि रुंद सोल, उचलणाऱ्या हाताला कमी, हे झालं पुस्तकी. आपल्याकडे त्यात पावसाची भर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याचा फेअरवे म्हणजे ओली काळी माती, वर लुसलुशीत गवत. कमी बाउन्सची 58 तिथे चॉपरसारखी आत जाते, बॉल जागेवर आणि मातीची चकती पुढे. तोच कोर्स एप्रिलमध्ये मुरमासारखा टणक. मग 14 बाउन्सची वेज जमिनीवर आपटून वर उडते, धार बॉलच्या पोटात लागते आणि बॉल ग्रीनच्या पलीकडच्या झाडीत. एकाच माणसाचा एकच स्विंग, पण दोन ऋतूंत दोन क्लब हवेत.

म्हणून माझं सांगणं असं. 54 घ्या 12 ते 14 बाउन्सची, रुंद सोलची. ती तुमची पावसाळ्याची, मऊ वाळूची, ओल्या रफची (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवताची). 58 घ्या 6 ते 8 ची, मागची आणि टाचेकडची कड घासून कमी केलेली, म्हणजे फेस उघडला तरी पुढची धार जमिनीलगत राहते. ती उन्हाळ्याची, टणक जागेची आणि जवळच्या पिनची. दोन्ही बारा महिने बॅगेत राहू द्या आणि जमीन बघून हात घाला. बॅग उघडली की कोणती काढायची ते बुटाखालची जमीनच सांगेल. राउंडच्या आधी चिपिंग ग्रीनशेजारी टाच दाबून बघायची सवय लावा.

60 बद्दल तुमच्या मित्रांचं मत मला पटत नाही. पूर्ण स्विंगमध्ये 60 वर बॉल जरासा वर लागला की फेसवरून घसरत चढतो आणि दहा-बारा यार्ड आखूड पडतो. आठवड्याला दोन राउंड खेळणाऱ्याच्या हातात ते नियंत्रण टिकवणं अवघड आहे. 58 उघडून 60 चं काम होतं. 60 मिटवून 58 करायला गेलात तर बाउन्स निघून जातो.

आणखी एक बारकावा. वाकवता येईल अशा मऊ पोलादाच्या वेजचा लॉफ्ट मशीनवर एक-दोन अंश बदलून मिळतो. लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश कमी होतो, वाढवला की वाढतो. 54 ची 53 करून घेतलीत तर 14 चा बाउन्स 13 उरेल. दुकानात हे आवर्जून विचारा, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून वाकवून घेऊ नका.

शाफ्टचं वजनही बघा. तुमचे नवे आयर्न बहुधा हलक्या स्टीलवर, 95-105 ग्रॅमवर असतील. वेजेस मात्र दुकानात बहुतेक वेळा 125-130 ग्रॅमच्या शाफ्टवर टांगलेल्या असतात. थोडा जड शाफ्ट वेजला चालतो, बरा वाटतो. पण एकदम 30 ग्रॅमचा फरक पडला की आयर्ननंतर हाताची लय बदलते. 10-15 ग्रॅमच्या आत ठेवा.

आणि हे मी कळकळीने सांगतो : वेज मॅटवर निवडू नका. मी स्वतः एकदा सिम्युलेटरवर आकडे बघून वेज घेतली. स्क्रीनवर फिरकी, उंची, अंतर सगळं देखणं. मॅटवर बॉलच्या दोन इंच मागे लागलेला शॉटसुद्धा सरकून पुढे येतो आणि चांगला दिसतो. पहिल्याच पावसात त्या वेजनं मला 18 होलांत चार वेळा चिखलात उभं केलं. मॅटवर बाउन्स कळतच नाही. ज्याच्याकडे तशी वेज आहे अशा सभासदाकडून ती मागून घ्या आणि एक तास चिपिंग ग्रीनच्या कडेला, बंकरमध्ये, टक्कल पडलेल्या जागेवर मारून बघा. गोल्फर या बाबतीत उदार असतात, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

जुन्या 52 आणि 58 टाकून देऊ नका, पण त्यांच्यावर विसंबूही नका. ग्रूव्हवर, म्हणजे फेसवरच्या खोबणींवर, आडवं नख ओढा. नव्या क्लबवर ते कडेला अडकतं, झिजलेल्यावर तसंच घसरतं. ओल्या गवतातून मारताना पाणी आणि पाला जायला ती खोबण लागते. ती बुजली की बॉल फिरकीविना सुसाट जातो आणि ग्रीनवर थांबत नाही. रेंजवर सरावाला जुन्या वापरा, कोर्सवर नव्या. नव्यांचे ग्रूव्ह त्यामुळे जास्त काळ टिकतील.

आता वूड. यात मी तुम्हाला दुकानाच्या सल्ल्यावरून परत फिरवणार आहे. फेअरवेवरून तीनातला एकच लागत असेल, तर नवं मॉडेल तो आकडा फार तर दीडवर नेईल. 15 अंशांचा लॉफ्ट आणि 43 इंचांचा शाफ्ट, जमिनीवरचा बॉल, आणि ड्रायव्हरसारखा वेग नाही, अशा स्थितीत बॉल वर चढतच नाही. मग आपण त्याला उचलायला जातो आणि टॉप होतो, म्हणजे क्लब बॉलच्या माथ्याला लागतो. 16.5 ते 17 अंशांचा, ज्याला काही कंपन्या 4 वूड म्हणतात तो बघा. चेहरा उथळ, शाफ्ट अर्धा इंच आखूड. टीवरून पाच-सात यार्ड कमी होतील, पण पार 5 वरचा (पाच फटक्यांच्या होलवरचा) दुसरा शॉट तुमचा होईल. मानेत फिरणारं स्लीव्ह असलेला 3 वूड लॉफ्ट वाढवून वापरता येतो, मात्र लॉफ्ट वाढवला की फेस थोडा मिटतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूला तो डावीकडे बघतो. तुमचा वाईट शॉट हुक (डावीकडे वळणारा) असेल तर ते टाळा.

दुसरा वूड 21 अंशांचा, म्हणजे 7 वूड. इथे तुमच्या वहीतला 4 आयर्नचा आकडा काढा. 5 आयर्नपेक्षा तो दहा यार्डांनी तरी पुढे पडतोय का? हँडिकॅप 6 च्या बहुतेक खेळाडूंचा पडत नाही. त्यांचे 4 आणि 5 एकाच रुमालावर पडतात. पडत नसेल तर 4 आयर्न घरी ठेवा. 7 वूड त्याच्यापेक्षा लांब जातो आणि मुख्य म्हणजे उंचावरून, उभा खाली येतो. उन्हाळ्यातल्या कडक ग्रीनवर 185 यार्डांवरून बॉल थांबवायचा तर ते उभं येणंच उपयोगी पडतं. याच लॉफ्टचा हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) आखूड शाफ्टमुळे खालून जातो. दाट रफमधून तो बरा निघतो, वाऱ्यातही बरा. तुमचे चुकलेले ड्राइव्ह जास्त करून रफमध्ये जात असतील तर हायब्रिड घ्या. फेअरवेवर किंवा कडेच्या विरळ गवतात राहत असतील तर 7 वूड. मी तुमच्या जागी 7 वूड घेतला असता.

वूडची चाचणी करताना सर्वांत लांबचा शॉट विसरून जा. गवतावरून दहा मारा आणि किती वापरण्याजोगे पडले ते मोजा. फेसवर मार्करचा हलका थर द्या म्हणजे बॉल कुठे लागतोय ते दिसेल. सगळे डाग टाचेकडे गेले तर शाफ्ट लांब पडतोय. वूडचा शाफ्ट ड्रायव्हरच्या शाफ्टपेक्षा पाच-दहा ग्रॅम जड ठेवा.

हिशोब करू. ड्रायव्हर, 4 वूड, 7 वूड, 5 ते 9 आयर्न आणि पिचिंग वेज, 50, 54, 58, पटर. झाले 13. नियमानं 14 ही कमाल मर्यादा आहे, किमान काही नाही. 14 वी जागा दोन महिने मोकळी ठेवा. प्रत्येक राउंडनंतर कोणत्या शॉटला हात बॅगेपाशी अडला ते वहीत लिहा. पावसाळ्यात बहुधा रफमधला हायब्रिड मागावासा वाटेल. त्या जागेसाठी आत्ता पैसे खर्चू नका.

प्रश्न : मी नाशिकची, वय 38, हँडिकॅप 9. दुकानात गेले की न विचारता ‘लेडीज’ शाफ्ट पुढे करतात. माझा ड्राइव्ह 190 यार्ड जातो. 3 वूड माझ्यासाठी नाहीच असं सांगतात. ते खरं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शाफ्ट बाई-पुरुष बघून निवडत नाहीत, स्विंगचा वेग आणि लय बघून निवडतात. 190 यार्ड मारणाऱ्या हाताला ‘लेडीज’ शाफ्ट बहुधा लवचीक पडतो. बॉल फार उंच आणि डावीकडे जात असेल तर ती त्याचीच खूण. हलक्या वजनातला सीनिअर किंवा रेग्युलर शाफ्ट मागा आणि दोन्ही शेजारी शेजारी मारून बघा. न मारता घेऊच नका.

3 वूडबाबत मात्र दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं आहे. तुमच्या वेगाला जमिनीवरून 15 अंश उचलणं जड जाईल. 5, 7 आणि 9 असे तीन वूड घ्या, म्हणजे साधारण 18, 21 आणि 24 अंश, आणि 5 आयर्न, जमलं तर 6 सुद्धा, काढून टाका. लांबून ग्रीनवर वूड मारण्यात कमीपणा मुळीच नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिचा ड्राइव्ह बरोबरीच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी मागे पडत होता. ती मागून वूड आणि हायब्रिडनं ग्रीन गाठत होती आणि पटरनं त्यांना गाठत होती. ती फेरी मी पहाटे उठून टीव्हीसमोर बसून पाहिली. आजही कुणी मला आखूड ड्राइव्हची खंत सांगितली की तिच्या त्या दुसऱ्या शॉटांबद्दल मी तासभर बोलू शकतो.

वेजेसना आयर्नच्याच वजनाचा शाफ्ट घाला. जड स्टीलवरची वेज तुमच्या हाताला ओझं होईल. बाउन्सचं वर औंधच्या वाचकांना लिहिलंय तेच तुम्हालाही लागू, अंगठा फिरवून सोल बघा.

प्रश्न : भाचा न्यू जर्सीहून डिसेंबरमध्ये येतोय. तिथे वापरलेल्या वेजेस स्वस्तात मिळतात म्हणतो. मागवू का? न रंगवलेल्या, गंजणाऱ्या वेजेस जास्त फिरकी देतात असंही ऐकलं. हँडिकॅप 11.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वूड वापरलेला घ्या, खुशाल. त्याचा फेस तसा झिजत नाही. फक्त वरचा मुकुट दाबलेला नाही ना आणि हलवल्यावर आत काही खडखडत नाही ना, ते भाच्याला बघायला सांगा. वेज वापरलेली घेताना मात्र फेसचा जवळून काढलेला फोटो मागवा, लांबचा चकचकीत फोटो नको. फेसच्या मध्यावर रुपयाएवढा मळकट गोल दिसला तर तिथले ग्रूव्ह गेलेत, ती सोडून द्या. खूप जुनं मॉडेल असेल तर आणखी एक गोष्ट. 2010 पासून बनणाऱ्या क्लबसाठी ग्रूव्हचे नियम कडक झाले आहेत. त्याआधीची वेज घेऊन स्पर्धेत उतरणार असाल तर समितीला आधी विचारा.

गंजानं फिरकी वाढत नाही. फिरकी येते ती स्वच्छ, धारदार ग्रूव्ह, चांगल्या कव्हरचा बॉल आणि कोरडा फेस यांतून. न रंगवलेल्या वेजचा खरा फायदा म्हणजे भर उन्हात तिचा फेस डोळ्यांत चमकत नाही. पण डोंबिवलीच्या दमट हवेत ती आठवड्यात तांबडी होईल. बॅगेत ओला टॉवेल गुंडाळून ठेवलात तर दोन दिवसांत. तुम्हाला ते आवडत असेल तर घ्या, राउंडनंतर कोरड्या फडक्यानं पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटानं फिरवा. नको असेल तर क्रोमची मागवा. भाच्याला लॉफ्टबरोबर बाउन्सचाही आकडा लिहून पाठवा, नाही तर तो तिथल्या मऊ गवताला साजेशी वेज घेऊन येईल आणि तुम्ही मे महिन्यात तिच्यावर चिडाल.